कडू दुधी

ती. आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. तुझं पत्र काल मिळालं. मी निघताना लावलेल्या वेलाचे दुधी कडू निघतात, तरी तू रोज एकाची गूळ घालून भाजी करतेस, हे वाचल्यापासून फोन लावतोय. ‘पोराने लावलेलं टाकवत नाही’ म्हणतेस. आई, कडू दुधी विषारी असतो. इथल्या खाणावळीचा आचारी चाखल्याशिवाय चिरत नाही. ‘कडू लागला की फेकायचा, नाहीतर दवाखाना गाठायचा,’ म्हणतो.

घरचा फोन बंद लागतो, शेजारच्या काकूही उचलत नाहीत. उलट्या होत नाहीत ना? धाकटीला वाढत नाहीस ना? वेल उपट, मी आल्यावर दुसरा लावीन.

पत्र पोचायला आठ दिवस लागतात. वेलावर अजून सात दुधी आहेत, असं तूच लिहिलंस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा थोरला