निकिताच्या ताटाची तजवीज

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

मी, पंचफुला मधुकर गावंडे, वय सत्तेचाळीस, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. शरीर आता फार दिवस साथ देणार नाही, हे यवतमाळच्या डॉक्टरांनी साफ सांगितले आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. आज सकाळी दुधाचा हिशेब केला, तो बरोबर निघाला. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पढवलेले नाही. कलमे वकील साहेबांनी सांगितली, मधले बोलणे माझे आहे.

कलम १. माझ्या नावे खरेदी केलेले दोन खोल्यांचे घर अंगणासह, बँकेतील ठेव आणि अंगावरचे सोने माझी एकुलती एक मुलगी निकिता हिला द्यावे. ती आज पंधरा वर्षांची, म्हणजे अज्ञान आहे. ती सज्ञान होईपर्यंत ठेव मोडू नये. व्याज तिच्या शिक्षणाला व खाण्याला वापरावे. "खाण्याला" हा शब्द वकील साहेबांनी खोडला होता, तो मी परत घातला आहे. या सर्वाची अंमलबजावणी शेजारचे किराणा दुकानदार रामधन राठोड यांनी करावी. त्यांचा काटा खरा आहे.

कलम २. माझी मोठी बहीण विमलताई, राहणार फुलसावंगी, हिला मूलबाळ नाही व पतीही हयात नाही. तिने माझ्या माघारी या घरात येऊन निकिताजवळ राहावे. भांडी, मिक्सर, पाटा-वरवंटा तिचा. तेल सढळ हाताने ओतायची तिची सवय मला कधी पटली नाही, पण निकिताच्या भाजीत ओतले तर माझी हरकत नाही.

कलम ३. निकिता सज्ञान होईपर्यंत तिच्या कायदेशीर पालक म्हणून मी कमरुन्निसा बाई यांना नेमते. त्या निकिताच्या शाळेत भूगोल शिकवतात. निकिताची शाळा, दवाखाना आणि लग्न यांबाबत त्यांचा शब्द अखेरचा राहील. सज्ञान होण्याआधी लग्नाची बोलणीच करू नयेत.

वकील साहेबांनी चष्मा काढून विचारले, "मुसलमान बाई? घरातलं कोणी नाही काय?"

मी म्हटले, "घरातले तं सगळेच होते, साहेब. पाहणारी ही एकटीच निघाली."

ते कसे, हे लिहून ठेवते. उद्या कोणी कोर्टात गेले तर तिथे वाचले जावे.

निकिताचे वडील गेले तेव्हा ती आठवीत होती. नववीच्या पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली. त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, सदाशिवराव आमच्याकडे जेवायला होते. निकिताने दुसरी पोळी घेतली, तेव्हा ते म्हणाले, "मार्क तं पडत नाहीत, पोट मात्र बराबर भरते." सगळे हसले. निकिताही हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने उपवास धरले. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. श्रावण होता, म्हणून आमच्या देवभोळ्या घरात कोणाला वेगळे वाटले नाही. श्रावण संपला, उपवास संपले नाहीत. सदाशिवराव शेजारणींना सांगत, "पोरगी देवाले लागली, चांगलं झालं." शाळेतून आलेल्या कागदावर फक्त लिहिले होते: प्रगती असमाधानकारक.

कमरुन्निसा बाईंनी पाहिले ते वेगळे. निकिता रोज डबा मैत्रिणींना वाटते, बांगडी कोपरापर्यंत चढते, स्कर्टला कमरेत पिन आहे. मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "बाई, पोरीचं गणित कच्चं आहे आणि तुम्ही तिचा डबा काय पाहता?" बाई म्हणाल्या, "गणित सर पाहून राह्यले. पोरगी कोण पाहून राह्यलं?"

मग मधल्या सुट्टीत बाई आपला डबा घेऊन निकितासमोर खाली बसायच्या. निकिता म्हणायची, "बाई, मले उपास हाय." बाई म्हणायच्या, "बरं. मग मीही नाही जेवत." आणि झाकण लावून टाकायच्या. असे बरेच दिवस चालले. दोघी उपाशी.

शेवटी बाई घरी आल्या. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "ताई, मी दरसाल रोजे करते. उपाशी माणसाची नजर कशी असते, मले माहीत आहे. त्याची नजर संध्याकाळकडे लागलेली असते. तुमच्या पोरीची नजर कशाकडेच लागली नाही. हा उपास नोहे, ताई."

चहा उतू गेला, तो मी पुसला नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात बाई आमच्यासोबत एसटीने आल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर मुलगी हाती लागली नसती. औषध दिले, पण घास काही तोंडात जाईना. म्हणून नवरात्रात मी तिच्या सगळ्या उपवासांचे उद्यापन घातले. उद्यापनाला कुमारिका जेवावी लागते, ती जेवल्याशिवाय व्रत सुटत नाही. पाटावर मी निकितालाच बसवले आणि तिचे पाय धुतले.

"आई, मी कायची देवी? मी तं नापास."

"देवीचा निकाल कोणी पाहते काय?"

बाई शेजारी ताट घेऊन बसल्या होत्या. निकिताने दोन घास वरणभात खाल्ला. तिसरा हातात धरून रडली, मग तोही खाल्ला.

आज ती दहावीत आहे. गणितात अजूनही मागेच आहे. जेवते, पण मी समोर बसले तरच.

पालक व्हायला बाईंनी आधी नकार दिला. "तुमच्या माघारी लोक माझ्या दाराशी येतील, ताई." निकिता आतून भाकर टाकून आली आणि म्हणाली, "बाई, नाही म्हनू नका." बाईंनी विचारले, "आई नसली तरी जेवशील?" निकिता हाताला लागलेले पीठ चोळत राहिली. तेव्हा बाई हो म्हणाल्या.

कलम ४. कमरुन्निसा बाईंना मी काहीही देत नाही. त्यांनीच तशी अट घातली आहे. लोभापायी केले, असे कोणी म्हणू नये.

कलम ५. सदाशिवराव यांनी माझ्या पतीच्या हयातीत नेलेला फवारणीचा पंप त्यांच्याकडेच राहू द्यावा. ते बोलले तेही त्यांच्याकडेच राहो. या घरात त्यांना पाणी मिळेल. निकितासमोर त्यांचे ताट वाढू नये.

कलम ६. पोथ्या मंदिरात द्याव्यात. हिशेबाच्या वह्या रद्दीत घालाव्यात, भाव पाहून घालाव्यात.

कलम ७. माझे दिवस थोडक्यात करावेत. निकिताला सुतकाचे कोणतेही नेम लावू नयेत. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही, ही रीत मला ठाऊक आहे. मी ती जन्मभर पाळली. माझ्या वेळी ती मोडावी. आधी निकिताला बाईंसमोर बसवून जेवू घालावे, मग नदीवर जावे. ती उपाशी असली, तर कितीही हाका मारा, माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: पंचफुला मधुकर गावंडे
साक्षीदार: १) इंदूबाई शेंडे, शेजारीण २) डॉ. कपिल वाघाडे, यांनी मला तपासून मी शुद्धीवर असल्याची खात्री केली आहे
ठिकाण: दिग्रस
दिनांक: शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५