सर्दीची जागा

शांघाय
१० नोव्हेंबर, सोमवार

प्रिय आई,

आणि फोन मध्येच कट झाला म्हणून राहिलं, नाहीतर मी तुला तिथल्या तिथे ऐकवणार होते. 'तुझ्या म्युझिकमध्ये नक्की चायनीज काय आहे' हा प्रश्न तूसुद्धा मला विचारावास? तू? अगं, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं. परवा डेंटिस्टने विचारला, माझ्या तोंडात ड्रिल असताना.

बरी आहेस ना? हॅनोव्हरला बर्फ पडला का? मी बरी, बाबा बरे. रविवारी बाबांनी खेकडे आणले होते, मस्त भरलेले निघाले. वीचॅटवर लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस, म्हणून ईमेलवर हे लांबलचक पत्र. शेवटपर्यंत वाचायचं.

उट्रेख्टला मला बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षक काय म्हणाले होते आठवतंय? 'या संगीतात हजारो वर्षांचा चीन ऐकू येतो.' त्यात चीन नव्हताच गं! हॉस्टेलच्या किचनमधला एक्झॉस्ट फॅन बंद पडायला आला होता, त्याच्या आवाजावरून सुचलेला पीस होता तो. तोच पीस इथे वाजला तर माझे इथले जुने शिक्षक म्हणाले, "छान आहे, पण परदेशी वास येतो." म्हणजे तिकडे मी चायनीज आणि इकडे फॉरेनर. तेव्हापासून जे काम येतं त्यात पहिला फोन हाच, की गाँग कुठे वाजणार? एकाने तर विचारलं, "ड्रॅगनची वगैरे काही थीम आहे का?" मी म्हटलं, पंख्याची आहे, चालेल?

म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं, की वरून मीठ भुरभुरवल्यासारखं चायनीज काही टाकायचं नाही. ऑर्केस्ट्राने एवढा मोठा पीस मागितलाय, तर आपलं चहाघरातलं टेबलच उचलून स्टेजवर न्यायचं. बाबा, झुआंग काका आणि बाकीचे तिघे. तेच टेबल, तोच चहा, त्याच कलिंगडाच्या बिया. एका बाजूला सत्तर जणांचा ऑर्केस्ट्रा आणि एका बाजूला हे पाच म्हातारे, दर सोमवारी वाजवतात तसे, एकच धून प्रत्येकाच्या आपापल्या वळणाने. एकाने भरायला घेतलं की दुसरा विरळ होतो, मग तो भरतो आणि पहिला बाजूला होतो. तूच तर मला मांडीवर घेऊन चार तारांचा पिपा वाजवताना कानात सांगायचीस, "बाबा भरतायत बघ, आता आपण गप्प." ते मला इतकं खरं वाटतं ना, आई. म्हणजे मला जगात जे काही येतं ते तिथूनच येतं.

बाबांचं दोन तारांचं अर्हू मी घरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यातली प्रत्येक मींड, प्रत्येक थरथर ऐकून ऐकून लिहून काढली. त्यांच्यासाठी आकड्यांच्या नोटेशनमध्ये वेगळी कॉपी केली. बाबा तर रिटायर झालेले केमिस्ट्रीचे मास्तर, त्यांनी ती लाल पेन्सिल घेऊन परीक्षेसारखी पाठ केली. सगळ्या गल्लीला सांगून झालंय. खालच्या वाणिणीलासुद्धा.

आणि शुक्रवारी पहिली रिहर्सल झाली.

सुरुवात इतकी सुंदर झाली की मी स्वतःला चिमटा काढला. मग ऑर्केस्ट्रा वाढायला लागला. ब्रास आले, ड्रम आले, आणि त्या सगळ्याच्या वर बाबांचं अर्हू चढायचं होतं. पीसचा सगळ्यात मोठा क्षण. मी बघतेय तर बाबा विरळ होतायत. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग एक सूर. मग गज मांडीवर. एकेक करून पाचही जण थांबले. झुआंग काकांनी बासरी खाली ठेवली आणि शांतपणे थर्मास उघडला.

आमचे कंडक्टर फान सर थांबले. मी धावत स्टेजवर.

"काका, का थांबलात?"

"ते भरत होते की. आम्ही बाजूला झालो."

"पण तुम्हाला तिथे वाजवायचंय!"

"वाजवू ना. त्यांना जरा विरळ होऊ दे."

"ते नाही होणार विरळ! तसं लिहिलंय!"

"बरं, मग दमतील तेव्हा घेऊ," झुआंग काका म्हणाले आणि चहा ओतला. ट्रम्पेटवाले इतके हसले की एकाला उठून बाहेर जावं लागलं.

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मिन, सत्तर माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं का?"

मग मीही काहीतरी बोलले. जाऊ दे.

नंतर ऑर्केस्ट्राच्या मॅनेजर, मॅडम छिऊ, त्यांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. म्हणाल्या, म्युझिक कॉलेजची पाच मुलं आहेत, जे लिहिशील ते वाजवतील, दोन दिवसांत बसवतील. आणि एप्रिलमध्ये टूर आहे, जर्मनीत तीन शहरं, त्यात हॅनोव्हर. (हे मी तुला फोनवर सांगणार होते, पण तू तो प्रश्न विचारलास.) "म्हाताऱ्यांना घेऊन कुठे फिरणार? विचार कर," म्हणाल्या. मी विचार करतेय.

गुरुवारी दुसरी रिहर्सल आहे. तेव्हा स्टँडवर छोटा लाल दिवा लावणार आहे, तो लागला की वाजवायचं. बघू.

बाबांना ह्यातलं काही बोलू नकोस. म्हणजे तू काय त्यांच्याशी बोलणार, माहितेय मला. तरी.

तुझी,
मिन


१९ नोव्हेंबर, बुधवार

आई,

तुझं उत्तर मिळालं. 'धीर धर.' एवढंच? इतक्या लांब पत्राला? अंगठा बरा होता त्यापेक्षा.

तरी मी धीर धरला. लाल दिव्याचं काही झालं नाही. झुआंग काकांना वाटलं बॅटरी संपत आलीय, त्यांनी शेजारच्याला हळूच सांगितलं, "बंद कर रे, वाया जातेय." म्हणून मी दुसरी गंमत केली. म्हटलं, हे पाच जण बदलणार नाहीत ना, मग सत्तर जणांना बदलू. रातोरात तो भाग नव्याने लिहिला. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला सूचना दिली, की टेबलावरचे वाजवायला लागले की तुम्ही विरळ व्हा, बाजूला व्हा, ऐका. व्हायोलिनवाले वैतागले. "नक्की किती मोजायचं?" मी म्हटलं, मोजू नका, ऐका. "हो, पण ऐकताना किती मोजायचं?"

आणि काय झालं सांगू? बाबांनी सुरू केलं, ऑर्केस्ट्रा बाजूला झाला. ऑर्केस्ट्रा बाजूला झालेला बघून ह्या पाच जणांना वाटलं, अरे, पाहुणे संकोचले, म्हणून हे बाजूला झाले. मग सगळेच बाजूला. पूर्ण हॉल गप्प. फान सरांचे हात हवेत. पंचाहत्तर माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसलेली. तू असतीस तर खुर्चीवरून पडली असतीस हसून. मला हसू आलं नाही. मला रडू आलं. सात वर्षं मी हेच करतेय ना, आई? हे आणि ते एकत्र आणायचं म्हणते, आणि एकत्र आणलं की दोघेही गप्प बसतात, आणि मध्ये मी उभी.

काल मंगळवारी मुलं आली.

हो. मागच्या पत्रात 'विचार करतेय' लिहिलं होतं मी. विचार वगैरे काही केला नव्हता. मॅडम छिऊंच्या ऑफिसमध्येच 'बोलवून ठेवा' म्हणाले होते.

झुआंग काका आणि बाकीच्यांना मी फोन केला, मंगळवारी सुट्टी म्हणून. बाबांना फोन कशाला, घरीच तर असतात, जेवताना सांगू म्हटलं. सोमवारी जेवताना ते टोफूबद्दल बोलत होते. मग राहिलं.

लेई नावाची मुलगी आहे, ती अर्हू वाजवते. आई, मी खोटं नाही सांगणार. ती इतकी सुंदर वाजवते! तो मोठा क्षण आला, ब्रास आले, ड्रम आले, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावरून तिचा सूर असा काही वर गेला की मला खुर्चीत बसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं मला लिहिल्यासारखं ऐकू आलं. मी ढसाढसा रडले, ह्या वेळी आनंदाने.

मग दुसरा भाग. त्यात अर्हू एकटंच आहे. सूर चढत जातो, मध्येच तुटतो, एका श्वासाएवढी पोकळी, आणि मग खालून, जरा भिजल्यासारखा पुन्हा सुरू होतो. सगळ्यांना ती जागा फार आवडते. फान सर म्हणाले, "काय जागा आहे!" लेईने विचारलं, "दीदी, ही पोकळी अजून थोडी धरू का? मला इथे धुकं दिसतं." मी म्हटलं, धर. मी तर कार्यक्रमाच्या पत्रिकेत लिहूनसुद्धा दिलंय, की जुन्या चित्रांत कोरा सोडलेला कागद म्हणजे ही पोकळी. त्यावर आम्ही पंधरा मिनिटं चर्चा केली.

रिहर्सल संपल्यावर मागे वळले तर शेवटच्या रांगेत बाबा. कोट घातलेला, केस नीट विंचरलेले, अर्हूची पेटी मांडीवर. कधीपासून बसले होते कोण जाणे.

मी गेले त्यांच्याकडे. शेजारी बसले. तर तेच म्हणाले, "मुलगी छान वाजवते."

"बाबा, मी सांगणार होते..."

"हुबेहूब माझ्यासारखं. फक्त ती दुसऱ्या भागातली जागा आहे ना, जिथे तुटतं..."

"हो?"

"तू रेकॉर्ड केलंस तेव्हा मला सर्दी झाली होती. तिथे मी नाक पुसलं होतं, मिन."

मी स्टेजवरच्या लेईच्या खुर्चीकडे बघितलं.

"माझ्यापेक्षा छान पुसलं तिने," बाबा म्हणाले.

आई, आम्ही दोघं इतके हसलो की सफाईवाल्या बाईंनी दिवे लावून बघितलं कोण आहे. मग हसणं संपलं. बाहेर आलो. बसस्टॉपवर उभे राहिलो. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली नाही, मी मागितली तरी.

"मुलांनाच बसू देत शनिवारच्या कार्यक्रमात," ते म्हणाले. "झुआंगला मी सांगतो. तो चिडेल, पण त्याला एक बाटली दिली की झालं."

"तुम्ही चिडलायत."

"नाही गं. त्या दिवशी तू बरोबर बोललीस. ते चहाघर नाहीच."

हे मी तुला लिहिलं नव्हतं. पहिल्या रिहर्सलला, सगळ्यांच्या समोर, ट्रम्पेटवाले हसत असताना, मी त्यांच्यावर ओरडले होते, "बाबा, हे तुमचं चहाघर नाही!" सगळं आयुष्य मी लोकांना सांगत फिरते की माझं संगीत त्या टेबलावरून आलंय. आणि बोलले हे.

बस येईना. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिकडे एप्रिलमध्ये थंडी असते का?" तुझं नाव ते घेत नाहीत, तुला माहितेय. नऊ वर्षं 'तिकडे' म्हणतात.

मी म्हटलं, "असते थोडी."

मग म्हणाले, "फोटो फार वाईट आलाय."

"कसला फोटो?"

"पासपोर्टचा. चष्मा काढायला लावला त्यांनी. डोळे असे बारीक झालेत, चोरासारखे."

टूरचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, आई. ऑर्केस्ट्राच्या दारावर शहरांची नावं लावलीयत, तिथे वाचलं असणार, ऑर्केस्ट्राने ह्या पाचही जणांना पहिल्यांदा भेटायला बोलावलं त्या दिवशीच. गेल्या महिन्यात कोणाला न सांगता ऑफिसात जाऊन पासपोर्ट काढून आले. मी विचारलं, दाखवा ना. तर म्हणाले, "कशाला, आता लागणार नाही," आणि तेवढ्यात बस आली.

उद्या दुपारी बाराला मॅडम छिऊंना नावं द्यायची आहेत. शनिवारी जी नावं असतील तीच एप्रिलमध्ये जाणार. लेईचं दिलं तर पीस वाजेल, कागदावर आहे तसा, सर्दीसकट. कदाचित लोक उभे राहतील, कदाचित पुढचं काम मिळेल आणि गाँगचं कोणी विचारणार नाही. बाबांचं दिलं तर काय ऐकू येईल हे मलाच माहीत नाही. काहीच ऐकू आलं नाही असंही होईल. फान सर सोडून जातील, मॅडम छिऊ पुन्हा फोन उचलणार नाहीत. माझ्या वयाच्या माणसाला असा पीस दुसऱ्यांदा मिळत नाही गं, हे तूही जाणतेस.

मी सकाळपासून दोन्ही नावं लिहून खोडतेय. मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणतात, करिअरचा विचार कर. झुआंग काकांना विचारायची हिंमत नाही. आणि बाबांना विचारलं तर ते बाजूला होणार, त्यांना दुसरं काही येतच नाही.

राहिलीस तू. तुला संगीतातलं काय कळतं म्हणून नाही विचारत, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. 'धीर धर' असं पुन्हा लिहू नकोस. अंगठाही नको. हॅनोव्हरच्या त्या हॉलमध्ये तू तिकीट काढून येशील, दिवे मंद होतील, आणि स्टेजवर त्या खुर्चीत, हातात अर्हू घेऊन, कोण बसलेलं तुला चालेल, आई?

मिन