टेंभुर्णीला स्टेशन नाही

५ जानेवारी

आलो एकदाचे सोलापुरात! जुळे सोलापूर या भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे गॅलरी, तिथून खाली उतरायला जिना, गॅलरीत भरपूर ऊन. अण्णांना ऊन मिळालं की बाकी काही लागत नाही. मागच्या मोकळ्या जागेत जुनी विहीर आहे, वर लोखंडी जाळी. पूर्वी इथं शेतं होती म्हणे. घरमालकीण सारजाबाईंनी दारातच भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली आणि अण्णांना विचारलं, की काका, तिखट चालतंय न्हवं? अण्णा म्हणाले, गार्डाच्या डब्यात याहून तिखट धूर खाल्लाय. मी किती दिवसांनी पोट धरून हसले.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत गार्ड होते, याच पुणे-सोलापूर मार्गावर. हल्ली विसरतात. आज गाडीत मी त्यांना स्टेशनं म्हणायला लावली. दौंड, भिगवण, जेऊर, केम इथवर आले आणि कुर्डुवाडीला अडकले. मग खिडकीबाहेर बघत राहिले. मी पुढची सांगितली नाहीत.

नोकरी इथल्या एका खासगी संस्थेत, शिकवण्याची, कंत्राटी. पुण्यात वर्षानुवर्षं राबून शेवटी ‘जागा नाही’ ऐकलं, त्यापेक्षा बरी. भाऊ दिग्विजय कॅनडाहून म्हणाला, की सोलापूर शांत आहे, अण्णांना मानवेल. इतक्या लांबून सगळंच छान दिसतं.

१६ जानेवारी

वर्ग आवडला. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असूनही पोरं आली, म्हणजे मीही त्यांना आवडले असं धरून चालते. विषय असा सांगितला: रक्ताच्या एका नळीतून लाखो आकडे निघतात, कुठला रेणू किती, कुठलं जनुक जागं, कुठलं झोपलेलं. शेकडो म्हाताऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कोण कसं म्हातारं होतंय ते दिसायला लागतं. म्हातारपणावर जगभर संशोधन चाललंय. म्हाताऱ्याला न्हाऊ घालायला मात्र कोणी मिळत नाही, हे सांगितलं नाही.

नमुने गेल्या वर्षी पोरांनीच आपापल्या गावांतून गोळा केलेत. बिरुदेव नावाचा सांगोल्याकडचा धनगराचा मुलगा आहे, त्यानं अख्ख्या वस्तीचं रक्त आणलंय. त्यात त्याचा आजा धुळा आणि तुलनेसाठी घेतलेली आत्या, धुळाची लेक मायाक्का. आत्या माझ्याच वयाची. रक्त दिल्यावर थोड्याच दिवसांत विहिरीत पडलेलं कोकरू काढायला उतरली ती वर आलीच नाही. सांगताना बिरुदेव उगीच हसल्यासारखं करत होता. म्हणाला, मॅडम, आत्या गेली, पर तिचं आकडं हायत की.

सरावासाठी पोरांनी आज माझं आणि अण्णांचंही रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हा अण्णांनी विचारलं, की तिकीट पंच करताय काय?

२४ फेब्रुवारी

आमचे दोघांचे नमुने नासले. सुट्टीत वीज गेली, फ्रीज बंद पडला, कोणाच्या लक्षात आलं नाही. आकडे आले त्या तक्त्यात निम्म्याहून जास्त घरं रिकामी. याचा नियम मीच फळ्यावर लिहिलाय: थोडी घरं रिकामी असली तर ज्याचे आकडे सगळ्यांत जवळचे त्याच्यावरून भरायची, निम्म्याहून जास्त रिकामी असली तर नमुना टाकून द्यायचा.

माझा तसाच पडू दिला. अण्णांचा टाकायला हात होईना. सकाळीच त्यांनी मला विचारलं होतं, की आपण कोण, कोणाकडे आलात? पडद्यावर त्यांची ती रिकामी घरं बघून मला रडू आलं. सगळं जग त्यांना टाकून द्यायला टपलेलं आहे, त्यात मी कशाला? एक कळ दाबली आणि सगळी घरं भरून टाकली. सगळ्यांत जवळचे आकडे निघाले बिरुदेवच्या आज्याचे, धुळाचे.

बिरुदेवनं विचारलं, मॅडम, ह्यो तर टाकायचा हुता न्हवं? मी म्हटलं, अपवाद असतो. नसतो.

१ मार्च

अण्णा सुधारतायत! स्वतःच्या हातानं जेवतात, सदऱ्याची बटणं लावतात. भात नको म्हणतात, भाकरीच लागते. डोळ्यांत ओळख आलीय. मी देवापुढे साखर ठेवली, आणि मी काही देवाधर्माची नव्हे.

दिग्विजयला फोनवर सांगितलं. म्हणाला, बघ, सोलापूर मानवेल म्हणालो नव्हतो? श्रेय घ्यायला याचा हात कॅनडातून बरोबर पोचतो.

८ मार्च

पुन्हा स्टेशनं म्हणायला लावली. कुठेही न अडखळता म्हणाले: महूद, वेळापूर, अकलूज, टेंभुर्णी.

टेंभुर्णीला रेल्वेच नाही. यातल्या एकाही गावाला कधी त्यांची गाडी गेली नाही. अण्णा स्वतःचं नाव विसरतील, पण टेंभुर्णीला गाडी थांबवणार नाहीत.

वर्गात सहज म्हणून बिरुदेवला ही नावं ऐकवली. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, मॅडम, ही तर आज्याची वाट! मेंढरं घिऊन वरसाला ह्याच वाटंनं जायचा की.

वर्ग लवकर सोडला.

१२ मार्च

मला मायाक्का म्हणतात. प्रेमानं म्हणतात, हेच जास्त वाईट. माझ्या वेलांट्या सुधारणारा माणूस आता न्हाय, हाय, कुटं असं बोलतो. गॅलरीत बसून सारखे त्या विहिरीकडे बघतात. मी कपडे वाळत घालायला गेले तर हात घट्ट धरून म्हणाले, मायाक्का, हिरीकडं जाऊ नगंस.

बिरुदेवला विचारलं, आजोबा कसे आहेत? मजेत आहेत म्हणे. त्यांचं काहीच गेलेलं नाही. फक्त इथं एक जास्तीचे धुळा झालेत, आणि माझे अण्णा –

१५ मार्च

भरलेले आकडे काल काढून टाकले. म्हटलं, होते तसे परत मिळू देत. विसरणारे, पण माझे.

आज सकाळी ते काहीच नव्हते. घास तोंडात ठेवला तर तसाच राहिला. पापणी हलेना. आधी होतं तेवढंही उरलं नव्हतं. धावत संस्थेत गेले आणि आकडे पुन्हा भरले. घरी येते तो दारातच बसलेले. म्हणाले, आलीस व्हय, मायाक्का.

म्हणजे निवड एवढीच. बाप नाही, किंवा दुसरीचा बाप. मी दुसरीचा बाप ठेवून घेतला. ज्याला मला नावं ठेवायची आहेत त्यानं आठवडाभर येऊन अण्णांना भरवावं.

२३ मार्च

परीक्षेसाठी पोरांना सगळी माहिती साफ करून आणायला सांगितली होती. आज आली. सगळ्यांनी माझा नासका नमुना टाकलाय, फळ्यावरच्या नियमाप्रमाणे. बिरुदेवनं भरलाय. संस्थेच्या मुख्य संगणकात चढवूनही झालं. त्याला बिचाऱ्याला वाटलं मी खूश होईन. म्हणाला, तुमी अण्णांचा टाकला न्हाई, मग मी तुमचा कसा टाकू?

पोरं फळ्यावरचं शिकत नाहीत. आपण करतो ते शिकतात.

माझ्या वयाची त्या सगळ्या नमुन्यांत एकच बाई आहे. विचारायचीही गरज नव्हती.

काढून टाकायला कळेवर बोट ठेवलं होतं. पण काढले की काय उरतं ते मी पाहिलंय. मी तशी पडले तर अण्णांना घास कोण देणार? कॅनडा?

बोट उचललं.

२६ मार्च

आज भाकऱ्या थापल्या. टोपलंभर. पातळ, गोल, टम्म फुगलेल्या. सारजाबाई म्हणाल्या, लई ग्वाड झाल्यात.

मला भाकरी येत नाही. कधीच येत नव्हती.

२८ मार्च

कॅनडातून कुणाचा तरी फोन होता. ताई म्हणत होता. आवाज चांगला होता. मी हो हो म्हटलं –

नंतर आठवलं. आठवलं, आणि न्हाणीत जाऊन रडले. माझं नाव रुपाली. रुपाली. अण्णा गार्ड होते. दौंड, भिगवण, जेऊर, मग – मग महूद –

३० मार्च

वर्गाला गेले नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते कळेना. नुसते किडे.

विहिरीची जाळी काढलीय. गाळ काढायचाय म्हणे. सारजाबाई म्हणाल्या, जपून. गॅलरीचं दार लावून घेतलं. किल्ली अण्णांच्या उशाखाली. किल्ली बाच्या – अण्णांच्या. अण्णांच्या.

बिरुदेवला सांगावं का, की काढ ते – पण मग यांना कोण –

३१ मार्च

दुपार. लई ऊन हाय.

कोकरू वरडतंय. सकाळधरनं. सारजाबाईला न्हाय ऐकू येत. बाला येतंय, त्यो रडतोय. किल्ली मुठीत धरून बसलाय. मायाक्का, नगं, नगं म्हणतोय.

पर पुढचं दार हाय की.

लई ल्हान हाय ते. बुडंल. माझं नाव – र –

बा, रडू नगंस. उली दम धर. कोकरू वर आणती आन् लगीच तुला घास भर