दशरथच्या गुडघ्याचा निकाल

खातीपुरा, जयपूर
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अनुसयाअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण हल्ली साष्टांग घातला की उठवायला दोन माणसं लागतात, आणि पत्रात खोटं लिहायची मला सवय नाही. तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात असेलच, कारण तू आधी पेढा खातेस, मग गोळी घेतेस आणि त्यालाच पथ्य म्हणतेस. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. अक्का, तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारची भागुबाई मधूनच सल्ला देते. मागे मी तुला माझ्या मूळव्याधीचं खासगीत सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी निम्म्या मिरजेतून मला घरगुती औषधं कळवण्यात आली. आजचा विषय त्याहून नाजूक आहे. तेव्हा पत्र एकटीने वाच, आणि वाचताना ओठ हलवू नकोस. भागुबाईला तेवढंही पुरतं.

विषय तुझ्या मुलाचा आहे. घाबरू नकोस, दशरथ धडधाकट आहे, सूनबाई रत्नमाला बरी आहे, आणि तुझी नात अक्षदा शाळेत हिंदी आणि घरात तिची स्वतःची अशी एक भाषा बोलते, तिला आम्ही लाडाने मराठी म्हणतो. प्रश्न एवढाच आहे की, आमच्या संघाने दशरथशी आणखी एका मोसमाचा करार करायचा की त्याला मोकळं करायचं. तो छत्तीसचा झाला. आता इतर धंद्यांत छत्तीस म्हणजे पोरगाच, पण कबड्डीत चढाई करणाऱ्याचं वय गुडघ्यावरून ओळखतात, आणि दशरथचा डावा गुडघा माझ्यापेक्षा थोरला आहे. संघाचा व्यवस्थापक मी. त्यामुळे निर्णयही माझ्याच गळ्यात पडला आणि तो मी घेतलाय. करार करायचा नाही. मी मामा असलो तरी मैदानात शिरताना नातं बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो, हे तुला माहीत आहे.

पण हे असं तडकाफडकी ठरलं नाही. आमची लीग तू पाहिलेली नाहीस. टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात खेळतात ती नव्हे, तिची धाकटी बहीण, जिला थोरलीचे जुने कपडे मिळतात. (आमची मॅट खरंच तशी आलेली आहे, एका कोपऱ्यात कोणत्या तरी बनियनची जाहिरात अजून दिसते.) आमच्या ‘आमेर अंगार’ संघाचे मालक नंदकिशोरजी यांचे गोपालपुऱ्यात मोठे कोचिंग क्लास आहेत. कबड्डी ते आयुष्यात खेळलेले नाहीत, पण परीक्षा या विषयात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांच्या लेखी जगात तीनच जातीची माणसं आहेत: पहिल्या प्रयत्नात पास होणारी, दुसऱ्यांदा बसणारी आणि पालक. मोसम संपल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “मुरलीधरजी, ये बालक रिपीट करेगा या नहीं?” बालक म्हणजे आपला दशरथ, ज्याचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत. मी म्हटलं, चाचणी घेऊ. चाचणी हा शब्द ऐकून त्या माणसाचा चेहरा इतका उजळला की त्यांनी लगेच चहाबरोबर कचोरी मागवली.

दशरथच्या जागेवर कौशिक नावाचा एक मुलगा डोळा ठेवून आहे. वय एकवीस, वडील रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे, पण हा जन्मला वाढला इथेच. मला तो मामाजी म्हणतो. (दशरथचा मामा तो सगळ्या संघाचा मामा, त्यात ह्याने ‘जी’ लावून मला पार मारवाडी करून टाकलं.) उंच, लवचीक, केसांना काहीतरी चोपडतो, आणि प्रत्येक चढाईचा व्हिडिओ काढायला एक मित्र बरोबर आणतो. तर रेल्वेच्या मैदानावर दोघांची चाचणी ठरली. नंदकिशोरजी खुर्ची टाकून बसले. आणि ऐन वेळी आमचा डाव्या कोपऱ्याचा गडी आलाच नाही, त्याच्या साडूच्या घरी लग्न होतं. सात जण हवेत आणि सहाच उभे. मग मी विजार खोचली आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. मिरजेत माझा कोपरा काय होता, हे तुला आठवत असेल. (तू एकदाच बघायला आलीस आणि नेमका त्याच दिवशी माझा सदरा फाटला, तो भाग सोडून आठव.)

आता दशरथची एक सवय तुला सांगायला हवी. प्रत्येक सामन्यात पहिल्या चढाईला जाण्याआधी तो बाकाशी येतो, वाकून माझ्या पायांना हात लावतो, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘यशस्वी हो’ म्हणतो, आणि मग तो जातो. इतक्या मोसमांत हे एकदाही चुकलेलं नाही. चाचणीची शिट्टी झाली. दशरथ ‘कबड्डी कबड्डी’ करत मध्यरेषा ओलांडून आला, सरळ माझ्यापुढे उभा राहिला आणि वाकला. अक्का, भाचा पायाशी वाकल्यावर मामाने काय करायचं असतं? मी पाय जुळवले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘यशस्वी हो.’ तो तिथल्या तिथे झाला. वळून दोन ढांगांत रेषेपलीकडे गेला, आणि पंचाने मला बाद दिलं. मला! स्वतःच्या आशीर्वादाने बाद झालेला माणूस कबड्डीच्या इतिहासात मी पहिलाच असेन. सवयीने वाकला की मुद्दाम, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर “आशीर्वाद लागला की मामा” एवढंच म्हणतो आणि तुझ्यासारखा हसतो. नंदकिशोरजींनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या क्लासात असल्या युक्तीला शॉर्टकट म्हणतात आणि तिचे वेगळे वर्ग घेतात.

मग कौशिक आला. खरं सांगतो, देखणी चढाई. आत शिरला, गिरकी घेतली, दोघांना मारून परत गेला आणि जाता जाता मित्राच्या मोबाइलकडे बघून हसलासुद्धा. मी बाहेर बसून नीट बघत होतो (बाद झाल्यावर दुसरं कामच नव्हतं). शेवटची चढाई दशरथची होती. पाच जणांनी घेरलं तसा तो डावीकडून उडी मारून निसटायला गेला. ही त्याची ठरलेली उडी, हिच्यावर आम्ही कितीतरी सामने काढलेत. तो निघाला, पण गुडघा म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच. पाचही जण त्याच्या अंगावर पडले. सगळे उठले, मग तो उठला. उठताना त्याने एक हात जमिनीवर टेकवला आणि कोणी बघत नाही ना, हे हळूच बघून घेतलं. मी बघत होतो.

तिथेच माझा निर्णय झाला. मी नंदकिशोरजींच्या केबिनमध्ये गेलो आणि अजिबात न कचरता सगळं मांडलं. गुडघा गेला, दम उणावला, उडी संपली, कौशिक तयार आहे, आणि मावळत्या गड्याला धरून बसणारा संघ त्याच्याबरोबरच मावळतो. असं स्पष्ट बोलायला छाती लागते अक्का, आणि ती आपल्या घराण्यात आहे. तू मला चार शिव्या घालशील. घाल. दशरथची रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी आहेच, पोटाला काही कमी पडणार नाही. राग शांत झाला की तूच म्हणशील की मुरली बोलला ते बरोबर होतं.

दाजींना माझा नमस्कार, भागुबाईला दुरूनच, आणि जो कोणी लहान दिसेल त्याला माझा आशीर्वाद. (आता तो जरा जपूनच देतो.)

तुझा धाकटा भाऊ,
मुरलीधर

ता. क. केबिनमध्ये मी काय मांडलं ते वर लिहिलंच आहे. शेवटी काय बोललो, ते लिहायचं राहिलं. माझं सगळं ऐकून घेऊन नंदकिशोरजींनी विचारलं, “तो फिर छोड़ दें?” आणि मी म्हणालो, “नहीं जी, एक साल रख लीजिए.” कसं निघालं तोंडातून, देव जाणे. बहुतेक कचोरी गरम होती.

आणखी एक ता. क. त्यावर ते खूश झाले. त्यांच्या क्लासात एका घरची दोन पोरं आली की दुसऱ्याला सवलत असते. तीच पद्धत त्यांनी आम्हाला लावली: मामा-भाचा एकत्र. दशरथने सही केली तर माझंही व्यवस्थापकपद आणखी वर्षभर, नाहीतर दोघांनाही नारळ. म्हणजे म्हाताऱ्या गड्याचा करार करायचा की नाही, हा प्रश्न एका गड्याचा नव्हताच. आणि तुझा चिरंजीव सही करत नाही! म्हणतो, “बास की आता, मामा.” मी कशामुळे अडकलोय ते त्याला माहीत नाही आणि मी सांगणार नाही. पण तुझा शब्द तो मोडत नाही. तेव्हा अक्का, पत्र मिळाल्याबरोबर त्याला फोन कर आणि एक वर्ष खेळायला सांग. (स्पीकर लावलास तरी चालेल.) तुझी भावजय गेल्यापासून मला सकाळी उठून जायला ते एक मैदान तेवढं आहे. तेही गेलं तर मी काय करू, खरंच मला कळत नाही.

शेवटचा ता. क. पाकिटाला डिंक लावणार तेवढ्यात अक्षदा वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या बिऱ्हाडातून खाली आली. दशरथ मागून येत होता, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तू देवळाच्या पायऱ्या उतरतेस तसा. अंगणात तिने त्याला लंगडी खेळायला बोलावलं. तो नको म्हणाला. म्हणाला, तू खेळ, मी बसून बघतो. सात जणांच्या गोटात शिरून एका दमात परत येणारा माझा भाचा लंगडीला नको म्हणाला, अक्का. अक्षदाने माझ्याकडे वळून विचारलं, “आजोबा, मतलब पप्पा आउट?” मी पाकिटातून पत्र परत बाहेर काढलं.

तेव्हा फोन करू नकोस. केलाच तर एवढंच सांग की, मामा म्हणतोय, बास. गुडघा दाखवून घे आणि सुट्टी काढून पोरीला घेऊन महिनाभर मिरजेला जाऊन राहा. माझ्या पदाचं त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर माझ्यासाठी तो लंगडत जाऊन सही करून येईल. आणि तुझ्या माडीवरची खोली झाडून ठेव. त्याच्यासाठी नव्हे, त्याला जिना चढवू नकोस, त्याला खालीच झोपव. माडीवर मी राहीन. माझा गुडघा अजून उत्तम आहे.