फियाट तापण्याची कारणे

११ सप्टेंबर
नीला अजून बोरिवलीलाच, वसुधाकडे. गौरी-गणपती झाल्यावर बहिणीकडे चार दिवस जाऊन येते म्हणाली होती. निघताना म्हणाली, तुम्ही माझं ऐकतच नाही. आज कान तपासून आलो. दोन्ही ठणठणीत. म्हणजे तो प्रश्न मिटला.

१४ सप्टेंबर
दाराच्या पाटीवर आपलंही नाव हवं, असं ती लग्नापासून म्हणते. दारावर जागा कुठे आहे? पण मी मनाचा मोठा. तिचं नाव थेट माझ्या जुन्या फियाटला दिलं. पितळी पाटी, जाडजूड. 'नीला'. लांबून वाचता यावी म्हणून पुढच्या जाळीएवढीच करून घेतली. आज बसवली. झकास! दसऱ्याला हीच गाडी घेऊन तिला आणायला जायचं. बघताक्षणी विरघळेल.

१६ सप्टेंबर
गाडी तापते. मुलुंडहून भांडुपला जाऊन येईतो काटा लाल. आजवर कधी तापली नव्हती. वय झालं, दुसरं काय. उद्या पाणी बदलतो.

१९ सप्टेंबर
पाणी बदललं, रेडिएटर धुतला. भांडुपच्या आधीच वाफ. गरम असताना झाकण उघडू नये हे मला माहीत होतं. डाव्या हाताला मलम. नीलाला कळवणार नाही, उगाच धावत येईल.

संध्याकाळी
कळवलं. म्हणाली, कोरफड लावा. धावत आली नाही. गुडघे दुखत असतील.

२३ सप्टेंबर
थर्मोस्टॅट बदलला. मेकॅनिकला आधीच बजावलं, काय हवं ते खोल, पाटीला हात लावायचा नाही. तो पाटीबद्दल काहीतरी सांगायला लागला. ऐकून घेतलं नाही. ऐकून घेतलं की लोक डोक्यावर बसतात.

२६ सप्टेंबर
वॉटर पंप नवा. फॅन बेल्ट नवा. काटा लालच. बंगळुरूहून अनयचा फोन. पोटचा पोरगा मला शिकवतो, बाबा, गाडीचं राहू द्या, आईशी बोला. म्हटलं, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. आजकालच्या पोरांना इंजिनातलं काही कळत नाही.

२८ सप्टेंबर
वसुधाचा नवरा श्यामकांत येऊन नीलाची तुळस घेऊन गेला. तिकडे गॅलरीत ऊन चांगलं येतं म्हणे. तुळशीला बरंच आहे. कुंडीच्या जागी गोल डाग राहिलाय. पुसून पाहिला, जात नाही. मग म्हटलं राहू दे, पुन्हा तिथेच तर ठेवायची आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा केली. झेंडूचा हार पाटीवरच चढवला. आपट्याची पानं खिशात. पवईला तापली, थांबलो. जोगेश्वरीला तापली, थांबलो. कांदिवलीला नुसती वाफ. वसुधाच्या बिल्डिंगखाली बोनेट उघडून उभा होतो, तेवढ्यात नीला खाली आली.

सोनं दिलं. तिनेही मला दिलं. मग ती गाडीकडे बघत राहिली. मी रेडिएटरपासून वॉटर पंपापर्यंत सगळं सांगितलं. तिने मधेच विचारलं, तोंडावर एवढं पितळ ठोकल्यावर आत वारा कुठून जाणार?

म्हटलं, अगं, तुझं नाव आहे. ती म्हणाली, मी दारावर मागितलं होतं हो.

रागावून नाही म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. बॅग भरतेस ना, विचारलं. तिने नुसती मान हलवली, नाही अशी. जपून जा म्हणाली आणि वर गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तिथेच पाटी काढली. मुलुंडपर्यंत काटा मधोमध, जागचा हलला नाही. मला मात्र सारखं वाटत होतं, एकदा तरी तापावी, थांबावं लागावं, मागे वळावं. पाटी बाजूच्या सीटवर होती, नीला बसते तिथे. फार रडू आलं. पवईला सिग्नलवर कोणी बघितलं असेल तर बघू दे.

घरी येऊन दारावरची माझी पाटी उतरवली. तिची लावून पाहिली. बसली. जागा होती.

मग सवयीने बेल वाजवली आणि उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आठवलं, किल्ली माझ्याच खिशात आहे, आपट्याच्या पानाखाली.