वहिनीचा खांदा

२६ जुलै

शुद्धलेखन चुकेल, सॉरी. नववीत शाळा सोडली, आणि आता डाव्या अंगठ्याने टाईप करतेय — उजवा हात झोळीत. एकेक अक्षर शोधावं लागतं. कोण वाचणारे म्हणा! तरी सॉरी.

गेल्या रविवारी दहीहंडीची प्रॅक्टिस होती, चाळीच्या पटांगणात. मला चढायचंच नव्हतं, एवढी माणसं बघतात. पण बायकांच्या पथकाची कॅप्टन आमची अक्षदा वहिनी. "मनवा हलकीये, तोंड पण उघडत नाय, चढवा तिला!" चढले तिच्याच खांद्यावर. आणि तो खांदाच गेला पायाखालून! कॉलर बोन मोडलं. ऑपरेशन, आत प्लेट. वहिनीला साधा ओरखडा नाय. "तुझाच पाय सरकला गं," बोलली सगळ्यांसमोर.

नाय सरकला. तोंडावर नाय, इथे लिहिते मी. नेहमीसारखी.

२९ जुलै

टाक्यांच्या खालून पार पाठीपर्यंत आग. पाण्याचे फोड, पट्टाच्या पट्टा. गाऊन नुसता घासला तरी करंट बसतो. वहिनी दादाला सांगत होती, मला ऐकू जाईल असं — "भांडी घासायला नकोत म्हणून नाटकं."

आई डॉक्टरकडे निघालेली, वहिनीनेच अडवलं. "नागीण आहे ती. अंबिका आजी गेरू लावते, दोन दिवसांत बसते." शेजारच्या अंबिका आजीने फोडांभोवती गेरूचं कुंपण काढलं. शेपूट तोंडाला भेटलं की माणूस जातो म्हणे. "डॉक्टराक काय कळता ह्यातला!"

१ ऑगस्ट

नाय बसली. चादर पण सहन होत नाय. तिच्या खांद्यावर घोरपड चिकटू दे!

३ ऑगस्ट

शेवटी डॉक्टर. चिडलाच. "हे रंगकाम कोणी केलं? गोळ्या लगेच सुरू करायला हव्या होत्या. आता फोड जातील, पण नस कितीतरी महिने दुखू शकते."

महिने!

मग बोलला, "फोडातलं पाणी कोणाला लागू देऊ नका. कांजण्या झाल्या नसतील त्यांना होतात. घरात कोणी गरोदर नाही ना? बाळाला धोका असतो." आई बोलली, "नाय." वहिनी दाराशी उभी. "मला नाय झाल्या कधी कांजण्या," असं म्हणून सरकली मागे.

भ्याली! बघितलं मी.

४ ऑगस्ट

तोंडभर उठू देत तिच्या. हंडीच्या दिवशी, सगळे मोबाईल काढून उभे असतील तेव्हा.

५ ऑगस्ट

वहिनी भाजीला गेलेली. दांडीवर तिचा पिवळा टॉवेल. माझे दोन फोड फुटलेले. दाबला त्यांच्यावर. दात ओठात रुतले एवढं दुखलं, तरी दाबून धरला. मग होता तसा परत टाकला — ती तोंड पुसते ती बाजू वर ठेवून.

खूप दिवसांनी छान जेवले.

६ ऑगस्ट

आई पेढे घेऊन आली. वहिनीला दिवस गेलेत. तिसरा महिना लागला.

वहिनी माझ्या उशाशी येऊन रडली. "त्या दिवशी चक्कर आली गं मला, डोळ्यापुढे अंधार. बोलले असते तर पथकातून काढलं असतं. तुझा पाय नव्हता सरकला, मनू."

टॉवेल दांडीवरच आहे. हात लावून बघितला. ओला आहे.