वल्लरीचा हात

मल्हारगंज, इंदूर
११ नोव्हेंबर १९९३

ती. श्रीपाददादास,
शि. सा. नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुम्ही तिकडे अन्नपूर्णा रोडच्या घरी मजेत असालच.

तुझ्या मंजिरीच्या साखरपुड्याचं आमंत्रण पोचलं. सोबत वहिनीची चिठ्ठीही मिळाली : "वल्लरीला पूर्ण बाह्यांचं घाला, नाहीतर घरीच ठेवा. मुलाकडचे विचारतील, खानदान में है क्या." आम्ही कोणीच येणार नाही. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहिते आहे.

वल्लरीच्या कोपरावर पहिला डाग दिसला तेव्हा मी तुलाच विचारलं होतं. मिल बंद पडून हे वर्षभर घरी होते. तू यांना पोलोग्राउंडच्या कारखान्यात लावून दिलंस, आणि त्यानंतर तुझा शब्द मोडायची या घरात कोणाची टाप नव्हती. तू बावचीचं तेल आणलंस. म्हणालास, "डॉक्टर नको, गावभर होईल. हे चोळ आणि उन्हात बसव. आग झाली म्हणजे गुण येतोय समज."

मी बसवलं. मे महिन्यात, गच्चीवर, भर दुपारी. ती रडत होती, "आई, जलन होतेय, छोड ना!" दादा, तिचा हात मी दाबून धरला होता. मनगटापर्यंत फोड आले. पंधरा दिवस तिला लिहिता येत नव्हतं.

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई कडाडल्या, "तेल किसने दिया?" मी म्हटलं, "शेजारणीने." वल्लरी माझ्याकडे बघतच राहिली.

मग बाईंनी तिला नीट समजावलं. कोड शिवल्याने लागत नाही. तो महारोग नव्हे. दूध-मासळीचा त्याच्याशी संबंध नाही. शरीरच चुकून आपल्या रंगाच्या पेशी मारतं. मलम लावायचं, ऊन त्या सांगतील तेवढीच मिनिटं घ्यायचं. महिनोन्‌महिने लागतात, आणि सगळे डाग भरतीलच असं नाही. कधी कधी घरात आणखी कोणाला असतं. "आप के यहाँ किसी को?"

मी नाही म्हटलं.

लहानपणी तुझ्या कमरेवरच्या पांढऱ्या चट्ट्याला आई लेप लावायची, तेव्हा वाटी मी धरायचे. आई म्हणायची, बाहेर बोललीस तर याद राख. मी चाळीस वर्षं बोलले नाही. वहिनीला हे माहीत आहे, आणि तरी तिने ती चिठ्ठी लिहिली.

परवा मी वल्लरीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मामाला कोणी उन्हात बसवलं होतं?"

यांची नोकरी काढून घ्यायची तर घे. हे स्वतःच मला म्हणाले, "तसं लिही."

तिच्या डागात आता बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागलेत, रंग परततोय. अर्ध्या बाह्यांत कॉलेजला जाते. मलम स्वतः लावते. मला त्या हाताला हात लावू देत नाही.

मंजिरीला माझे आशीर्वाद सांग. तुझ्यासाठी आज माझ्याकडे काही नाही.

वसुंधरा